दयेस शिक्षणाची जोड : वृद्धसेवेच्या शिक्षणाचा संक्षिप्त इतिहास

ज्युबिलीची चाल ख्रिस्तसभेनें इस्राएली लोकांपासून घेतली. लेवीय ग्रंथांत पन्नासावें वर्ष पवित्र मानून त्या वर्षीं दासांस मुक्त करावें, हातची गेलेली जमीन मूळ धन्यास परत द्यावी, आणि ज्यानें त्यानें आपल्या कुटुंबाकडे परत जावें, असा दंडक घालून दिला आहे. आपल्या धर्मग्रामाच्या ज्युबिलीनिमित्त निघणाऱ्या ह्या स्मरणिकेंत देऊळ, संस्था व उपकारकर्ते ह्यांचा वृत्तान्त इतरत्र येईलच; मला त्या दंडकांतील शेवटच्या कलमाविषयीं लिहावयाचें आहे. ज्युबिलीच्या वर्षीं मनुष्य आपल्या घरीं परत गेला, तर तेथें त्याची वाट पाहत कोण बसलेलें असतें? बहुधा एखादा वृद्ध पिता किंवा वृद्ध माता; आणि त्यांच्या उशाशीं बसून त्यांची सेवा करणारी कोणी तरी व्यक्ति. ह्या दुसऱ्या व्यक्तीस सेवेचें शिक्षण कोणीं व कसें दिलें, ह्याचा इतिहास प्रस्तुत लेखांत थोडक्यांत सांगावयाचा योजिला आहे.

कळंबोलीस हा विषय परका नाहीं. १९७० सालीं सिडकोची स्थापना होऊन नव्या मुंबईची आंखणी सुरू झाली. पुढें येथें लोखंडाचा बाजार आला, वसाहती उठल्या, आणि मुंबईच्या चाळींतून, कोंकणांतून, देशावरून, गोव्याकडून व केरळांतून तरुण जोडपीं येथें संसार मांडावयास आलीं. त्या वेळच्या तरुणांचे केस आतां पांढरे झाले आहेत. मुलें परदेशीं, किंवा पहांटेच्या गाडीनें मुंबईंत कामावर गेलेलीं. घर तिसऱ्या मजल्यावर, जिना चढावयाचा. आणि दिवसभर घरांत वृद्ध मनुष्य एकटें, असें चित्र अनेक कुटुंबांत दिसतें. ज्यांस परवडतें ते ब्यूरोकडून बारा तासांची बाई ठेवतात. ती बहुधा गरीब घरची, पोटासाठीं आलेली व मनाची प्रेमळ असते. परंतु अर्धांगवायूनें पडलेल्या माणसास कसें उठवावें, हें तिला बहुधा कोणीं शिकविलेलें नसतें. ज्या सुनेच्या किंवा लेकीच्या अंगावर हें काम येतें, तिलाही तें कोणीं शिकविलेलें नसतें. २०११ च्या खानेसुमारींत महाराष्ट्रांतील साठ वर्षांवरील लोकांचें प्रमाण शेंकडा ९.९ भरलें; म्हणजे दर दहा माणसांमागें सुमारें एक वृद्ध.

ह्यावर कोणी म्हणेल, सेवेस शाळा कशाला? आमच्या आज्यांनीं कोणत्या शाळेंत जाऊन सासूसासऱ्यांची सेवा केली? आक्षेप पोकळ नाहीं. आजींची सेवा खरी होती, व तिचें मोलही मोठें होतें. तथापि काळ बदलला आहे. स्वराज्य मिळालें त्या सुमारास हिंदी मनुष्याचें सरासरी आयुष्य बत्तीस वर्षांच्या आसपास होतें. आज तें सत्तरीच्या घरांत आहे. पूर्वींच्या अल्प आयुर्मानांत बालमृत्यूंचा वांटा मोठा होता हें मान्य करूनही, अंथरुणास खिळलेला किंवा स्मृति गमावलेला वृद्ध वर्षानुवर्षें घरांत असणें, ही गोष्ट पूर्वीं विरळा होती. शिवाय असें पाहा : धर्मगुरु होऊं इच्छिणाऱ्या तरुणाच्या अंगीं भक्ति आहे, एवढ्यावरच बिशप त्याच्या मस्तकावर हात ठेवीत नाहींत, त्यास कित्येक वर्षें सेमिनरींत शिकावें लागतें. आत्म्याच्या सेवेस जर शिक्षण लागतें, तर देवानें निर्मिलेल्या व आतां जीर्ण झालेल्या देहाच्या सेवेस तें लागूं नये, असें कोणत्या न्यायानें म्हणावें? ख्रिस्तसभेचा इतिहास तर हेंच सांगतो कीं, वृद्धांची सेवा जेथें जेथें सुधारली, तेथें तेथें दयाळू माणसांस कोणी तरी नियम व शिक्षण ह्यांची जोड दिली.

प्रेषितांपासून मठांपर्यंत

प्रेषितांच्या कृत्यांच्या सहाव्या अध्यायांतील हकीकत सर्वांस ठाऊक आहे. यरुशलेमच्या मंडळींत ग्रीक भाषा बोलणाऱ्या विधवांची रोजच्या वांटणींत हेळसांड होऊं लागली, तेव्हां प्रेषितांनीं त्या कामासाठीं सात पुरुष निवडावयास सांगितलें. भाकर वांटण्याचें तें काम. परंतु त्यासाठीं निवडावयाचीं माणसें नांवलौकिकाचीं, पवित्र आत्म्यानें व ज्ञानानेंही परिपूर्ण असावींत, अशी अट घातली. ख्रिस्तसभेनें निराधारांच्या सेवेसाठीं माणसें नेमलीं त्या पहिल्याच प्रसंगीं नुसत्या चांगुलपणावर भागविलें नाहीं, ही गोष्ट लक्षांत ठेवण्यासारखी आहे. पुढें संत पौलानें तीमथ्यास लिहिलेल्या पहिल्या पत्रांत साठ वर्षांवरील विधवांची यादी ठेवण्याचा उल्लेख येतो, आणि त्या यादींत येण्यास त्यांनीं स्वतः आयुष्यांत सेवाकर्में केलेलीं असावींत, अशी अपेक्षा दर्शविली आहे. म्हणजे वृद्ध व्यक्ति ही केवळ सेवा घेणारी, असें त्या काळीं कोणी मानीत नसे.

रोमी साम्राज्याच्या पूर्व भागांत ख्रिस्ती धर्म स्थिरावल्यावर वृद्धांसाठीं स्वतंत्र गृहें निघालीं; जस्टिनियन बादशहाच्या कायद्यांत त्यांचा उल्लेख आहे. पश्चिमेंत सहाव्या शतकांत संत बेनेदिक्ट ह्यांनीं मठवासीयांसाठीं नियम लिहिला. त्याच्या छत्तिसाव्या अध्यायांत रुग्णांसाठीं वेगळी खोली असावी व तिजवर देवभीरु, उद्योगी व काळजीवाहू सेवक नेमावा, असें सांगितलें आहे. सदतिसावा अध्याय वृद्ध व बालक ह्यांविषयीं आहे. त्याचा आशय असा कीं, ह्या दोन वयांविषयीं मनुष्याच्या मनांत स्वभावतःच दया उपजते. तरी नियमाच्या अधिकारानेंही त्यांची तरतूद झाली पाहिजे. म्हणून जेवणाच्या बाबतींत नियमाचा कडकपणा त्यांस लावूं नये, व ठरलेल्या वेळेच्या आधीं त्यांस खाऊं द्यावें. ह्या अध्यायांत आपल्या विषयाचें सार आलें आहे. दया स्वभावांत असते, परंतु स्वभाव थकतो, कंटाळतो, रागावतो. अशा वेळीं नियम व संवय हात धरतात.

रुग्णसेवकांचीं पहिलीं नियमपत्रें

सोळाव्या शतकांत इटलींत संत कामिल्लुस ह्यांनीं ह्या कामीं मोठें पाऊल टाकलें. तारुण्यांत ते शिपाई होते व जुगाराच्या नादीं लागले होते. पायास झालेल्या न बरे होणाऱ्या जखमेमुळें रोममधील असाध्य रोग्यांच्या इस्पितळांत ते आधीं रोगी म्हणून व मग नोकर म्हणून राहिले. पगारी नोकर रोग्यांची कशी हेळसांड करितात, हें त्यांनीं जवळून पाहिलें. परंतु नोकरांस दोष देऊन ते थांबले नाहींत. सोबती जमवून १५८४ सालीं त्यांनीं इस्पितळांत रोग्यांची सेवा करण्याचे नियम लिहून काढिले. एकुलतें एक मूल आजारी असतां आई जशी झटते, तशी वृत्ति सेवकानें ठेवावी, हें त्या नियमांचें मर्म होय. पुढें त्यांच्या संघाच्या सभासदांनीं नेहमींच्या तीन व्रतांखेरीज रुग्णसेवेचें चौथें व्रत घेतलें.

फ्रान्सांत १६३३ सालीं संत व्हिन्सेंट द पॉल व संत लुईझ द मारियाक ह्यांनीं प्रीतिकन्यांचा संघ स्थापिला. खेड्यांतून येणाऱ्या साध्या मुलींस लुईझबाई लिहिणें, वाचणें व रोग्यांची सेवा करणें शिकवीत. १६५३ सालीं पॅरिस येथें त्यांच्या देखरेखीखालीं येशूच्या नांवाचें एक वृद्धगृह निघालें. त्यांत वीस वृद्ध पुरुष व वीस वृद्ध स्त्रिया, बहुतेक कारागीर वर्गांतील, ठेविलीं होतीं. आणि त्यांनीं रिकामें बसून खचूं नये म्हणून त्यांच्या हातांस झेपेल असें विणकामासारखें काम दिलें होतें. वृद्धास कामांत गुंतविणें ही सेवेचीच एक बाजू होय, हें त्या बाईंनीं पौणेंचारशें वर्षांपूर्वीं ओळखलें होतें.

हीच परंपरा आपल्या पश्चिम किनाऱ्यावरही आली. लिस्बन येथें १४९८ सालीं सुरू झालेली मिझेरिकोर्दिया नांवाची दयासंस्था पोर्तुगीजांबरोबर गोव्यास व वसईस आली. दयेचीं चौदा कामें, सात शारीरिक व सात आत्मिक, हें तिच्या सभासदांचें लिखित कर्तव्य होतें. १५४२ सालीं संत फ्रान्सिस झेवियर गोव्यास उतरले, तेव्हां त्यांनीं वाड्यांत न राहतां इस्पितळांत मुक्काम केला व रोग्यांची सेवा केली. आपल्या पूर्वजांनीं विश्वास स्वीकारला तो अशा सेवेसह स्वीकारला.

संत जीन जुगान

केवळ वृद्धांच्याच सेवेस वाहिलेला संघ मात्र एकोणिसाव्या शतकांत निघाला. त्याची स्थापना करणाऱ्या संत जीन जुगान ह्यांचा जन्म १७९२ सालीं फ्रान्सच्या ब्रिटनी प्रांतांतील कांकाल ह्या कोळी लोकांच्या गांवीं झाला. बाप समुद्रांत हरवला. सोळाव्या वर्षाच्या सुमारास ती एका सरदारीण बाईकडे स्वयंपाकघरांत कामास राहिली. ती बाई गोरगरिबांच्या व आजाऱ्यांच्या समाचारास जाई, तेव्हां हिला बरोबर नेई. पुढें सें-सेर्वां गांवच्या इस्पितळांत तिनें सुमारें सहा वर्षें परिचारिकेचें कष्टाचें काम केलें, व नंतर एका वृद्ध कुमारिकेच्या घरीं बारा वर्षें तिची सेवा केली. अशा तऱ्हेनें पुष्कळ वर्षें हाताला वळण लागल्यावर, १८३९ च्या हिंवाळ्यांत, सत्तेचाळिसाव्या वर्षीं, तिनें आन शोव्हें नांवाच्या आंधळ्या व अर्धांगवायूनें जखडलेल्या विधवेस आपल्या घरीं आणिलें, आपला बिछाना तिला दिला व स्वतः माळ्यावर निजूं लागली. लोक ह्या रात्रीची गोष्ट सांगतात, परंतु तिच्यामागची अठरा वर्षांची उमेदवारी विसरतात.

ह्या लहानशा आरंभांतून ‘दरिद्रीजनांच्या लहान भगिनी’ हा संघ उभा राहिला. परंतु संस्थेचा कारभार हातीं घेतलेल्या एका धर्मगुरूनें जीनबाईस अधिकारावरून दूर केलें, आणि १८५२ पासून मृत्यूपर्यंत, म्हणजे सत्तावीस वर्षें, त्या मातृगृहांत नवशिक्या भगिनींमध्यें राहिल्या. आपल्याबरोबर प्रार्थना करणारी ही म्हातारी बाईच आपल्या संघाची संस्थापिका आहे, हें त्यांतील बहुतेक मुलींस ठाऊक नव्हतें. देवाची योजना पाहा : मनुष्यांनीं जिला अडगळींत टाकलें, तिला देवानें शिक्षिका केलें. वृद्धांस आधीं विचारावें, मग करावें. त्यांस उशीर झाला तर घाई करूं नये. त्यांस घरच्यासारखें वाटलें पाहिजे. हे पाठ नवशिक्या भगिनींनीं तिच्या सहवासांत गिरविले. १८७९ सालीं ती वारली तेव्हां संघांत सुमारें चोवीसशें भगिनी होत्या. २००९ सालीं पोप सोळावे बेनेदिक्ट ह्यांनीं तिला संतपद दिलें. तिच्या भगिनी १८८२ सालीं कलकत्त्यास आल्या. मुंबईंत अंधेरीस महाकाली लेण्यांच्या रस्त्यावर त्यांचें वृद्धगृह आहे.

वैद्यकाचा हातभार

ह्याच काळांत सेवेस शास्त्राचा आधार मिळूं लागला. १८६० सालीं लंडन येथें फ्लॉरेन्स नाइटिंगेल ह्यांच्या परिचारिका विद्यालयाचा आरंभ झाला. तरी वृद्ध रोग्यांकडे वैद्यांचें लक्ष फार उशिरां गेलें. १९३५ सालीं लंडनजवळच्या वेस्ट मिडलसेक्स हॉस्पिटलांत डॉक्टर मार्जरी वॉरेन ह्या बाईंकडे सातशेंहून अधिक जुनाट रोगी सोंपविण्यांत आले. त्यांतील बहुतेक वृद्ध असून ‘आतां कांहीं होणें नाहीं’ म्हणून वर्षानुवर्षें अंथरुणांत ठेविलेले होते. बाईंनीं प्रत्येकास तपासलें, त्यांची वर्गवारी केली, भिंतींस रंग दिला, उजेड आणिला, परिचारिकांस व व्यायाम देणाऱ्यांस एकत्र कामास लाविलें. आणि कित्येक रोगी उठून चालूं लागले, कांहीं घरीं गेले. १९४३ सालीं लिहिलेल्या निबंधांत त्यांनीं, वृद्धांची चिकित्सा हा वैद्यकाच्या विद्यार्थ्यांस शिकविण्याचा विषय आहे, असें प्रतिपादन केलें. १९६२ सालीं डोरीन नॉर्टन ह्या परिचारिकेनें आपल्या सोबत्यांसह केलेल्या अभ्यासांत, अंथरुणास खिळलेल्या कोणत्या वृद्धास शय्याव्रण होण्याचा धोका अधिक आहे, हें आधींच ओळखण्याची गुणपत्रिका तयार केली, व वेळच्या वेळीं कूस बदलण्याचें महत्त्व दाखवून दिलें. पाठ सडणें हें वार्धक्याचें प्राक्तन नव्हे. पुष्कळदां तें न शिकविलेल्या हातांचें फळ असतें.

आपल्या देशांत

महाराष्ट्रांत निराधार व पंगु लोकांसाठीं गृह एकोणिसाव्या शतकांतच निघालें. डेव्हिड ससून ह्यांच्या नांवाचें पुण्यांतील तें गृह आज ‘निवारा’ ह्या नांवानें प्रसिद्ध आहे. परंतु सेवेच्या शिक्षणास खरी चालना मिळाली ती १९०९ सालीं पुण्यांत रमाबाई रानडे व गोपाळ कृष्ण देवधर ह्यांनीं चालविलेल्या सेवासदनामुळें. परक्या रोग्यास हात लावणें हें कुलीन स्त्रीस न शोभणारें काम, अशी समजूत असतां, सेवासदनानें विधवा व गरजू स्त्रियांस ससून हॉस्पिटलांत परिचारिकेचें व सुइणीचें शिक्षण मिळवून दिलें. तें खास वृद्धांसाठीं नव्हतें. तथापि सेवा हा मानाचा व शिकून करावयाचा धंदा आहे, हें महाराष्ट्रास पटविण्याचें श्रेय त्या कामास आहे.

ख्रिस्तसभेंतही अडचण होती. व्रतस्थ भगिनींनीं वैद्यकीचा संपूर्ण व्यवसाय करण्यास जुन्या नियमांची आडकाठी होती. ती १९३६ सालीं रोमहून निघालेल्या आज्ञापत्रानें दूर झाली. त्यानंतर वैद्यकीय मिशनच्या भगिनींनीं पाटण्यास इस्पितळ चालविलें. आणि १९४८ सालीं मदर तेरेसा ह्यांनीं आपला जुना मठ सोडल्यावर रस्त्यावर उतरण्यापूर्वीं पहिली गोष्ट केली ती ही कीं, त्या पाटण्यास जाऊन ह्या भगिनींपाशीं रोग्यांची सेवा शिकल्या. मीठभातावर राहण्याचा त्यांचा विचार ऐकून तेथील भगिनींनीं त्यांस समजाविलें कीं, सेवा करणारीनें नीट जेवलें पाहिजे व विश्रांति घेतली पाहिजे; हा सल्ला त्यांनीं मानिला. डिसेंबरांत कलकत्त्यास परतल्यावर त्या प्रथम उतरल्या त्या जीन जुगानच्या भगिनींच्या वृद्धगृहांत. पुढें संतपदास चढलेल्या स्त्रीसही जर आधीं शिकावें लागलें, तर आपण कोण?

सरकारनेंही हळूहळू ह्या कामांत लक्ष घातलें. १९९६ सालीं मद्रास मेडिकल कॉलेजांत वृद्धचिकित्सेचा उच्च अभ्यासक्रम निघाला. १९९९ सालीं वृद्धांविषयींचें राष्ट्रीय धोरण जाहीर झालें. राष्ट्रीय सामाजिक संरक्षण संस्थेनें वृद्धसेवकांसाठीं अभ्यासक्रम चालविले. २०१०-११ मध्यें सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमांत मुंबईच्या जे. जे. हॉस्पिटलाची विभागीय वृद्धचिकित्सा केंद्र म्हणून निवड झाली. २००७ च्या कायद्यानें आईबापांचा निर्वाह करणें हें मुलांचें कायदेशीर कर्तव्य ठरलें. हा कायदा हवा होता; पण न्यायाधिकरण पोटगी देववील, आईस न दुखवितां कुशीवर कसें वळवावें हें तें शिकवूं शकत नाहीं.

काय शिकावें

हें शिक्षण पुस्तकी नाहीं. अंथरुणास खिळलेल्या माणसाची कूस दर दोन तासांनीं बदलावी. त्यास ओढूं नये, चादरीसकट उचलून सरकवावें. माकडहाड, खुबे व टांचा रोज पाहाव्या, आणि दाबूनही न जाणारी लाली दिसली तर तीच व्रणाची सुरुवात समजावी. जेवूं घालतांना रोग्यास ताठ बसवावें, घांस लहान द्यावा, पहिला गिळल्याशिवाय दुसरा देऊं नये, व जेवणानंतर अर्धा तास आडवें करूं नये. नाहीं तर अन्न श्वासनलिकेंत जाऊन फुप्फुसास सूज येते. न्हाणीघर कोरडें ठेवावें, सरकणारीं पायपुसणीं काढावीं, रात्रीं लहान दिवा असावा, आणि निजलेल्यास एकदम उभें न करितां क्षणभर कांठावर बसवावें. ज्यास स्मृतिभ्रंश झाला आहे त्याच्याशीं वाद घालूं नये. वाक्य लहान व आवाज शांत ठेवावा, व रोजचा क्रम मोडूं नये. मात्र कालपर्यंत नीट बोलणारा वृद्ध आज एकाएकीं बरळूं लागला, तर ‘वयच झालें’ म्हणून स्वस्थ बसूं नये. तें बहुधा एखाद्या आजाराचें चिन्ह असतें, डॉक्टरांस त्वरित बोलवावें. आणि सर्वांत महत्त्वाचें म्हणजे, अंगावरील वस्त्र काढण्यापूर्वीं परवानगी विचारावी. देह म्हातारा होतो, लाज म्हातारी होत नाहीं.

आपल्या धर्मग्रामापुढील काम

प्रिय धर्मबंधुभगिनींनो, आपल्या वसाहतींत मोठें हॉस्पिटल आहे, शेजारीं कामोठ्यास वैद्यकीय महाविद्यालय आहे, व आपल्या समाजांत परिचारिकेचें शिक्षण घेतलेल्या भगिनी थोड्या नाहींत. पोप फ्रान्सिस ह्यांनीं २०२१ पासून जुलै महिन्याचा चवथा रविवार आजीआजोबांस व वृद्धांस वाहिला. त्या दिवशीं वृद्धांस फुलें देऊन आपण घरीं जातों, तें योग्यच आहे. परंतु ज्युबिलीचें टिकाऊ स्मारक म्हणून धर्मग्रामाच्या सभागृहांत वर्षांतून कांहीं आठवडे सेवेचा साधा वर्ग चालला, त्यांत आपल्या परिचारिका भगिनींनीं शिकविलें, आणि सुना, लेकी व मुलगेही येऊन बसले, तर तें फुलांहून अधिक दिवस टिकेल. मुलगे हा शब्द मी मुद्दाम लिहितों. कामिल्लुस पुरुष होते, आणि यरुशलेमांत निवडलेले सातही पुरुष होते.

त्या वर्गाचें दार कामास येणाऱ्या बायांसही उघडें असावें, त्या कोणत्याही धर्माच्या असोत. आपल्या आईचा देह जिच्या हातीं सोंपविला, तिला नांवानें हांक मारावी, तिच्या मजुरींत कांचकूच करूं नये, तिला आठवड्याची सुटी द्यावी, व तिनें जेवलें कीं नाहीं हें विचारावें. पाटण्याच्या भगिनींनीं मदर तेरेसांस दिलेला सल्ला प्रत्येक मालकानें आपल्या घरांतील बाईसाठीं पाळावा. चौथ्या आज्ञेचें पालन आपण ज्यांच्या हातून करवितों, त्यांचाही मान त्या आज्ञेंत येतो.

योसेफाच्या शेवटच्या घटकेस येशू व मरिया त्याच्या उशाशीं होतीं, अशी ख्रिस्तसभेची परंपरागत श्रद्धा आहे; म्हणूनच आपण त्यास सुमरणाचा आश्रयदाता म्हणतों. कळंबोलींतील प्रत्येक वृद्धाच्या उशाशीं प्रेमळ मन व शिकलेले हात असावे, हीच ह्या ज्युबिलीच्या वर्षीं संत योसेफाच्या मध्यस्थीनें प्रभूजवळ आमची प्रार्थना आहे.